आवाज तुटला की थांबायचं

घारीला चाळीस मिनिटं जागं राहायचं होतं. एकदा नव्हे, चार वेळा: सकाळी नऊला, अकराला, दुपारी एकला आणि तीनला. अंधुक खोलीत पलंगावर उशीला पाठ टेकून बसायचं, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघायचं आणि झोपायचं नाही. परीक्षा म्हणून एवढंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं डॉक्टरांना विचारलंही होतं, "आणि पास व्हायला मार्क किती?" चौदा वर्षं ती टॉवर क्रेनच्या कॅबिनमध्ये बसत होती, जमिनीपासून साठ मीटर वर, एकटी. बांधकामावरच्या लोकांनी गंमत म्हणून तिला घार म्हणायला सुरुवात केली आणि पुढे तिचं खरं नाव सुपरवायझरलाही आठवेना. अशा बाईला नुसतं बसून राहायला सांगायचं म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखं होतं.

हा तोरा घरी होता. आता दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर तिच्या डोक्याला एकेक तार चिकटवली जात होती आणि तिचे तळहात घामानं ओले झाले होते. चारही वेळा जागी राहिली तर सोमवारी पुन्हा वर. एकदा जरी डुलकी लागली तर क्रेनचा परवाना गेला. परवाना नसलेल्या क्रेनवालीला बांधकामावर दुसरं कुठलं काम देतात ते तिनं पाहिलं होतं. हातात झाडू देतात आणि वर तोंड करून बघायलाही बंदी नसते, हेच काय ते सुख.

तारा चिकटवणारी बाई पन्नाशीची होती. चष्मा गळ्यातल्या दोरीला लटकत होता आणि बोटांना गोंदाचा वास येत होता. घारीनं मनातल्या मनात तिचं नाव तारवाली ठेवून दिलं.

"हात वर नेऊ नका, गोंद ओला आहे," तारवाली म्हणाली. "आत गेल्यावर चिमटे काढायचे नाहीत. गाणं म्हणायचं नाही, पाय हलवायचे नाहीत, स्वतःशी बोलायचं नाही. चहा-कॉफी संध्याकाळपर्यंत बंद. झोप लागलेली दिसली की मी तिथंच थांबवते, नाहीतर पूर्ण चाळीस मिनिटं."

"श्वास घेतलेला चालेल ना?"

"तो घ्या."

घारीला बरं वाटलं. उलट उत्तर देणारी माणसं तिला आवडत. "मला एक सांगा, झोपेला एवढं यंत्र कशाला लागतं? डोळे मिटले की झोप, उघडले की जाग."

"तसं असतं तर माझी नोकरी कशाला राहिली असती?" तारवालीनं तिच्या टाळूवर हलकेच बोट टेकवलं. "इथून सरळ खाली, मेंदूच्या तळाशी, एवढ्याशा जागेत हा सगळा कारभार चालतो. पेशींची एक टोळी जागं ठेवते, दुसरी झोपवते. दोघी सारख्या एकमेकींना दाबत असतात. आणि तिसरी एक लहानशी टोळी असते, ती मधल्या दाराला अडसर लावून बसते. दिवसाढवळ्या दार आपोआप उघडू नये म्हणून."

"आणि ती तिसरी कामावर आलीच नाही तर?"

"काही जणांची खरंच येत नाही. मग दार वाऱ्यावर. माणूस जेवता जेवता झोपतो, बोलता बोलता झोपतो. डोळे उघडे असतात, हात नेहमीचं काम करत असतात, आणि आत माणूस झोपलेला. त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. कधी कधी स्वप्नच सरळ जागेपणात घुसतं."

"माझी टोळी वेळेवर हजर असते," घार म्हणाली.

"ते या तारा सांगतील."

बाहेरच्या बाकावर तिचा धाकटा भाऊ बसला होता. सोबत कुणीतरी आणावंच लागतं असा दवाखान्याचा नियम होता, म्हणून तिनं त्याला आणलं होतं. एरवी तीन आठवडे ती त्याच्याशी धड बोलत नव्हती.

भाऊ तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. आई-वडील गेल्यावर तिनंच त्याला वाढवला, शाळेत घातला, शाळेनं हात टेकले तेव्हा बांधकामावर लावून दिला. पाच वर्षांचा असल्यापासून त्याचं तोंड बंद म्हणून होत नसे, त्यामुळे त्याला सगळे रेडिओ म्हणत. आणि नशीब बघा, त्याला कामही बोलायचंच मिळालं. क्रेनवालीला वरून सगळं दिसत नाही. भिंतीआड, स्लॅबच्या खाली माल उतरवायचा असतो तेव्हा ती आंधळीच असते. खाली उभा असलेला सिग्नलवाला तिचे डोळे होतो आणि वायरलेस सेटवर बोलत राहतो: येऊ दे, येऊ दे, डावीकडे, हळू, थांब. या कामाचा पहिला नियम असा की माल हवेत आहे तोवर सिग्नलवाल्यानं गप्प बसायचं नाही. आणि दुसरा नियम क्रेनवालीसाठी: सेटवरचा आवाज तुटला की हातातल्या दांड्या सोडून द्यायच्या, म्हणजे क्रेन थांबते. माल आहे तिथं लटकत राहू दे, पण थांबायचं.

तीन आठवड्यांपूर्वी सळयांचा एक भारा लिफ्टच्या भिंतीआड उतरत होता. तो थांबला नाही. खाली सेंट्रिंगवाला स्लॅबच्या साच्याच्या फळ्या ठोकत होता. त्याची मांडी दोन ठिकाणी मोडली. तो वाचला, पण अजून दवाखान्यात पडून होता आणि पुन्हा नीट चालेल की नाही हे कुणी सांगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. सेफ्टीवाल्या साहेबांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि आधी तिला विचारलं, "माल खाली येत होता तेव्हा सेटवर कोण बोलत होतं?"

"माझा भाऊ," ती म्हणाली. "येऊ दे, येऊ दे, हळू, असं म्हणत होता. शेवटपर्यंत."

रेडिओनं तिच्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग साहेबांकडे वळून म्हणाला, "हो. मीच बोलत होतो. माझा अंदाज चुकला."

त्याचं कामाचं कार्ड तिथल्या तिथं काढून घेतलं गेलं. घारीनं त्याची बाजू घेतली नाही. एका माणसाचा पाय मोडला होता. भाऊ असला म्हणून काय झालं? घरी ती त्याच्यासमोर ताट आपटायची आणि तो खाली मान घालून जेवायचा. अपघातानंतर क्रेनवालीचीही तपासणी करायची असते, म्हणून कंपनीनं तिला डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, डोळे पाहिले आणि मग भलतंच विचारलं: दिवसा पेंग येते का? खूप हसल्यावर गुडघे ढिले पडतात का? तिनं हसत हसत सांगून टाकलं, आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, ताईला हसवायचं तर आधी खुर्ची द्यायची. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं आणि ही परीक्षा लावली.

म्हणजे आज तिच्या परीक्षेत त्याचाही निकाल होता. ती पास झाली की तिच्यात खोट नाही हे ठरलं, आणि मग सगळा दोष सिग्नलवाल्याचा. काम गेलं ते वेगळं, वर पोलीस. हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण चूक त्याची होती आणि तिनं त्याला लहानपणापासून एकच शिकवलं होतं, केलंस तर निस्तर.

नऊ वाजता दार लागलं.

खोलीत पलंगामागे एक मंद दिवा होता. समोरची भिंत फिक्या रंगाची. कोपऱ्यात कॅमेरा, आणि भिंतीपलीकडे तारवाली पडद्यावर तिच्या डोक्यातल्या रेघा बघत बसलेली. पहिली दहा मिनिटं घारीनं भिंतीवरचे पोपडे मोजले. नऊ निघाले. मग तिच्या लक्षात आलं की तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. कॅबिनमध्ये वारा असतो, केबल कुरकुरते, आणि सेट अखंड बडबडत असतो. इथं कसलाच आवाज नव्हता. आपला श्वास तेवढा ऐकू येत होता आणि तो भलताच हळू होत चालला होता. पापण्या जड झाल्या. तिनं त्या ताणून उघड्या ठेवल्या, पोपडे पुन्हा मोजले, तेव्हा ते सात भरले. दोन कुठं गेले? त्या भीतीवर तिनं उरलेला वेळ काढला.

दार उघडलं तेव्हा बाहेरच्या भिंतीवरच्या घड्याळात नऊ चाळीस झाले होते. तिचा जीव भांड्यात पडला.

"कसं झालं?" रेडिओ बाकावरून उठला.

"जागी होते."

"आत कुणी बोलत नाही ना?"

"कोण बोलणार? तू थोडाच आहेस तिथं."

तो पुन्हा बसला. परीक्षा तिची होती आणि नखं तो कुरतडत होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "सोमवारी तू वर गेलीस तर खाली सेटवर कोण असेल?"

"नवा माणूस आणलाय म्हणे. कामापुरतंच बोलतो. सुटले बाई एकदाची, कान किटले होते माझे."

रेडिओचा चेहरा उतरला. तिला वाटलं, नोकरी गेल्याचं त्याला आत्ता कुठं कळतंय.

अकराची खेप जड गेली. पोपडे मोजून भागेना. श्वास पुन्हा संथ व्हायला लागला तसं तिनं कॅबिन आठवायचं ठरवलं. डोळ्यांसमोर दांड्या आणल्या, खाली मुंगीएवढी माणसं आणली आणि सेट सुरू केला. मनातल्या मनात बोलायला बंदी नव्हती.

"ताई, सतरा सत्ते किती?" सेटवरचा रेडिओ म्हणाला.

"गप. मालाकडे बघ."

"येत नाही म्हण सरळ."

"एकशे एकोणीस!"

"मग एवढा वेळ का लागला? वय झालं तुझं."

तिच्या डोक्यात तिडीक गेली आणि डोळे टक्क उघडले. हे औषध बरं होतं. तिनं त्याचा एकेक आगाऊपणा उकरून काढला. माल हवेत असताना तो तिला पाढे विचारायचा. काल भाजीत मीठ जास्त होतं म्हणायचा. तुझ्यापेक्षा शेजारच्या क्रेनचा म्हातारा बरा चालवतो म्हणायचा. आणि मध्येच, "ऐकतेयस का? ऐकतेयस का? उत्तर दे." सुपरवायझरनं दोनदा समज दिली होती, सेटवर फालतू गप्पा नकोत म्हणून. पठ्ठ्या ऐकेल तर शपथ. तो सगळा राग तिनं पुरवून पुरवून वापरला. अकरा चाळीस.

दुपारी एकला तर तिच्या नाकी नऊ आले. पोटात जेवण, खोली उबदार, आणि कुणीतरी मागून हळूच डोकं खाली दाबतंय असं वाटत होतं. पाढे झाले, मीठ झालं, म्हातारा झाला. राग विझत चालला. मग तिनं ठरवलं, त्याचा एखादा सेटवरचा विनोद आठवू या. घरात त्याच्यासारखा मस्करीखोर माणूस नव्हता. शेजारपाजारचे लोक त्याच्या नकला बघायला येत. सुपरवायझरची नक्कल तर अशी की ताई खुर्चीतून घसरून जमिनीवर बसायची आणि मिनिटभर तिला उठता यायचं नाही.

पण सेटवरचा विनोद काही आठवेना. तिनं आठवून पाहिलं. सहा वर्षं तो तिच्या खाली उभा राहत होता. पहिली तीन वर्षं तो सेटवरही चावटपणा करायचा, तिला चांगलं आठवत होतं. नंतर मात्र एकदाही नाही. माल हवेत असताना त्यानं तिला तीन वर्षांत नुसतं चिडवलं होतं, हसवलं कधीच नव्हतं. असं का बरं? हा प्रश्न तिला टोचला आणि त्या टोचणीवर ती कशीबशी तगली. एक चाळीस.

ती बाहेर येऊन बाकावर टेकली. रेडिओनं तिला पाणी दिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, चौथी देऊ नकोस. बरं वाटत नाही म्हण. आपण घरी जाऊ."

"का?"

"सांगतोय ते ऐक ना."

"तीन झाल्यात माझ्या! एकच राहिली."

"म्हणूनच म्हणतोय."

तिला वाटलं, आता समजलं. "मी पास झाले की तू अडकतोस, म्हणून ना? मला खाली ओढायचंय तुला. तू बुडालास तर मीही बुडू दे." बाकावरची दोन माणसं वळून बघायला लागली. "अरे, तुला हातानं भरवून मोठा केला मी!"

रेडिओनं पाण्याचा ग्लास तिच्या हातून घेतला आणि उरलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

तीन वाजता चौथ्यांदा दार लागलं.

आता तिला कशाचीच गरज नव्हती. एवढी ती संतापली होती की झोप जवळ फिरकणं शक्य नव्हतं. भिंतीकडे डोळे वटारून ती बसली. पोपडे नऊच्या नऊ होते. ओढाताण करून वाढवलेलं पोर आपल्या मुळावर उठतं, हा विचार ती घोळवत राहिली, पुन्हा पुन्हा, पुन्हा.

मग उजव्या बाजूनं आवाज आला. कॅबिनमध्ये सेट लटकतो, अगदी तिथून.

"येऊ दे, ताई. येऊ दे. हळू."

आला वाटतं, तिला वाटलं. त्याला आत कुणी सोडलं? पण आवाज ओळखीचा होता आणि त्या शांततेत तो आल्यानं तिला बरंच वाटलं. थोडा खरखरीत, थोडा हसरा, नेहमीसारखा. तिनं मान वळवली नाही, कारण समोर बघायचा नियम होता. डोळे उघडेच होते, भिंत समोर होती, पोपडे जागच्या जागी होते.

"येऊ दे, येऊ दे. हळू. हळू."

आणि लख्ख दिवा लागला. तारवाली दारात उभी होती. "झालं."

"झाल्या!" घार ओरडलीच. "चारही झाल्या! सांगितलं होतं ना तुम्हाला, माझी टोळी हजर असते म्हणून." गोंदाच्या तारा ओढत ती खाली पाय सोडून बसली. "पण तुमचं चुकलं हं. मला बोलायची बंदी आणि माझ्या भावाला मध्येच आत सोडता? त्याचं नाव कुणी घेणार नाही, मलाच म्हणतील हिला मदत झाली."

तारवालीचा हात एका तारेवर होता. तो थांबला. "आत कुणी आलं नाही."

"अहो, मी ऐकलं ना. इथं, या बाजूला उभा राहून बोलत होता."

"काय बोलत होता?"

घारीनं सांगितलं. तारवालीनं चष्मा डोळ्यांवर चढवला, खिशातला कागद काढला आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मग म्हणाली, "निकाल डॉक्टर सांगतात, मी सांगायचा नसतो. पण हे दार मी बंद केलं आणि मीच उघडलं. मधे कुणी आलं नाही." तिनं पुढच्या तारा फारच जपून काढल्या, एक केसही ओढला जाऊ नये अशा.

घार बाहेर आली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती.

घड्याळ बंद पडलं असेल म्हणून ती त्याच्याखाली जाऊन उभी राहिली. सेकंदकाटा टिकटिक पुढे सरकत होता. अठराची एकोणीस झाली. बाक रिकामा होता. रेडिओ आत नव्हता, बाहेर नव्हता, मजल्यावरच कुठं नव्हता.

तिच्या डोळ्यांसमोर सेंट्रिंगवाला आला. माल उतरताना तो तिला दिसला नव्हता, भिंतीआड होता. नंतर उचलून नेला तेव्हा वरून दिसला होता, एवढासा. येऊ दे, येऊ दे, हळू. तोच आवाज, तीच बाजू, तेच शब्द. ती बाकावर बसली.

जिन्यावर पावलं वाजली. रेडिओ कागदी कपात चहा घेऊन वर आला. चाळीस मिनिटं आहेत म्हणून तो फाटकापर्यंत गेला होता. तिला बाकावर पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं, आणि कप त्याच्या हातात कलला.

"बस इथं," ती म्हणाली. "एकच विचारते. त्या दिवशी भारा खाली येताना तुझा सेट चालू होता का?"

रेडिओनं चहाचा कप दुसऱ्या हातात घेतला.

"चालू होता का रे?"

"बॅटरी गेली होती," तो म्हणाला. "भारा भिंतीच्या वर असतानाच. मी आधी सेट झटकला, मग ओरडलो, मग तुला दिसेन म्हणून उघड्यावर पळालो. म्हटलं, आवाज तुटलाय, ताई थांबेलच. तू थांबली नाहीस."

"आणि चौकशीत?"

"तू म्हणालीस, मी शेवटपर्यंत बोलत होतो. तू खोटं बोलत नाहीस ताई. म्हणजे तुला ऐकू आलं असणार. मी बॅटरीचं सांगितलं असतं तर त्यांनी लगेच विचारलं असतं, मग ही थांबली का नाही?"

"तुला आधीपासून ठाऊक होतं?"

त्यानं मान डोलावली. "तीन वर्षं. एकदा मला खोकल्याची उबळ आली, दहा-बारा सेकंद बोलता आलं नाही. माल भलतीकडेच चालला होता आणि तू सेटवर म्हणालीस, हो हो, कळलं. मी काहीच बोललो नव्हतो. तेव्हापासून मी गप्प बसायचं सोडलं."

"म्हणून पाढे."

"चिडलीस की जागी राहतेस तू."

"आणि हसवलं नाहीस कधी."

"तुझ्या हातात दोन टन असायचे. घरी हसलीस की हातातला पेला पडतो तुझ्या." त्याचे डोळे भरून आले. "आणि सोमवारी तुझ्या खाली तो न बोलणारा माणूस असणार होता. सकाळपासून तेवढंच डोक्यात होतं माझ्या. सांगायचं धाडस होईना. ती कॅबिन गेली तर तुझ्याकडे राहतं काय?"

घारीला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. तिनं त्याचे दोन्ही दंड धरले आणि गदागदा हलवले, कपातला चहा दोघांच्या कपड्यांवर सांडला. "तीन वर्षं! अरे, माझं जाऊ दे, खाली माणसं होती! मला सांगायचं होतंस. साहेबांना सांगायचं होतंस. मी तुझं तोंड पाहिलं नसतं, चाललं असतं. त्या माणसाचा पाय आपण दोघांनी मोडला रे."

रेडिओ रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून. तिनं त्याला रडू दिलं. ती स्वतःही रडत होती पण तिकडे तिचं लक्ष नव्हतं. तिला कॅबिनच्या खिडकीतली सकाळ आठवत होती, खाली सगळं अजून निजलेलं आणि वर तिच्यापाशी ऊन आधी आलेलं. ते आता संपलं. हे तिला डॉक्टरांनी सांगायची गरज उरली नव्हती. औषधं असतील, गोळ्या असतील, पुढे काय व्हायचं ते होईल. ती खुर्ची मात्र गेली.

तारवालीनं दारातून डोकावून पाहिलं आणि एक टॉवेल आणून बाकावर ठेवला.

घारीनं हात पुसले, पिशवीतून फोन काढला आणि सेफ्टीवाल्या साहेबांचा नंबर लावला.

"काय करतेयस?" रेडिओनं तिचं मनगट धरलं. "रिपोर्ट येईल आपोआप. त्यात असेलच सगळं."

"रिपोर्टात मी झोपते एवढंच असेल. तू काय केलंस आणि काय नाही, ते नसेल." तिनं मनगट सोडवून घेतलं. "तू केलंयस ते निस्तरशील तू. मी केलंय ते मी निस्तरते."

पलीकडे साहेबांनी फोन उचलला. मागून काँक्रीटच्या मिक्सरची घरघर येत होती. "बोला. झाली का तपासणी? सोमवारी वर पाठवू ना?"

"नाही," घार म्हणाली. "सोमवारी नाही. साहेब, मला माझी जबानी बदलायची आहे."

"कुठली जबानी?"

"तुम्ही मला चौकशीत पहिला प्रश्न विचारला होतात. तो पुन्हा विचारा."

साहेब गोंधळले. कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते सावकाश वाचल्यासारखं म्हणाले, "माल खाली येत होता तेव्हा सेटवर कोण बोलत होतं?"

तिनं भावाकडे पाहिलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

"कोणीच नाही," ती म्हणाली.

साहेबांचा आवाज तुटला. मागची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. घार फोन कानाला धरून थांबली.